रिकामी करडगी

सभापती माननीय माणिकप्पा वकील, आजचे सत्कारमूर्ती व्यंकटराव ईटकर, आमंत्रण नसताना पहिल्या रांगेत येऊन बसलेले पोलीस अमीनसाहेब, आणि उस्मानाबादच्या तमाम वकीलबंधू-भगिनींनो,

प्रकृतीच्या कारणास्तव व्यंकटराव सोलापूरला निघाले, असं या निरोपसभेच्या पत्रिकेत छापलंय. काल माझ्या घरी त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. आज दिवस मावळायच्या आत त्यांनी निजामाची हद्द सोडावी असा हुकूम आहे. मग आजार कसला? सांगतो.

त्यांनी एक सवाल केला. मुरुमचे व्यापारी महांतप्पा कुठं आहेत?

भर बाजारातून पोलिसांनी त्यांना उचललं. बायको शिवगंगाबाई चौकशीला गेल्या, तर उत्तर मिळालं, या नावाचा माणूस आमच्याकडं नाहीच. मला का धरलं, हे कोर्टात विचारायचा कैद्याला हक्क आहे, आपण सगळे हे शिकलो. पण कैदीच नाही म्हटल्यावर विचारायचं कुणी?

इथं एका शिपायाचा प्रामाणिकपणा आडवा आला. हवालातीत चांदी ठेवू देत नाहीत, म्हणून लिंगायत महांतप्पांच्या गळ्यातली इष्टलिंग ठेवायची करडगी, म्हणजे ती चांदीची डबी, त्यानं इमानानं घरी पोचती केली. शिवगंगाबाईंनी उघडली. रिकामी! त्या तडक व्यंकटरावांकडं आल्या.

"वकीलसाब, जीव हाय तवर आमचा माणूस लिंग सोडत न्हाय. डबी आली, लिंग न्हाय आलं. म्हंजे धनी तितंच हायत, जित्ते हायत."

व्यंकटरावांनी ती डबी हैदराबादला हायकोर्टापुढं ठेवली. गुरुवारी महांतप्पांना हजर करा, असा हुकूम झाला. आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मित्राची प्रकृती बिघडली!

अमीनसाहेब, गुरुवारी महांतप्पांच्या वतीनं मी उभा राहणार आहे. भीती वाटते, ती कशाला लपवू? पण माझ्यापेक्षा त्या मागं दाराशी बसलेल्या शिवगंगाबाईंची भीती मोठी आहे. रोज सकाळी त्या आधी उंबऱ्याकडं बघतात. मघाशी मला म्हणाल्या, "आता घरला काय बी परत यिऊ नये. आले तर धनीच यावेत."

व्यंकटराव, सांभाळून जा. सभापतींनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आजच पोटात घाला. गुरुवारनंतर माझ्या निरोपाला सभा भरवू देतील, असं वाटत नाही.