भागूचं 'दोन'

मंडळी, आज कीर्तनात एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला घरी सोडत नाही! देवाची घंटा वाजली आणि एखाद्यानं कान झाकले — तो देवाचा वैरी का? अंहं, घाई नको. आंबेदऱ्याच्या लोकांनी घाईच केली होती!

ऐका तर. त्या गावात सरजा नावाची विधवा. तिची लेक भागू, बारा वर्षांची. पोर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. गर्दी झाली की कान झाकून झुलत बसे. बोलणं? दिवसाकाठी चार शब्द! लोक म्हणत, "खुळी!" — आपल्याला कळलं नाही की समोरचा खुळा, किती सोपं! हसू नका, परवा पारावर तुम्हीच म्हणालात!

त्या साली गावानं घरोघरचं तांबं-पितळ देऊन देवळाची नवी घंटा ओतवली. पाटलांनी पहिला टोला दिला — ठण्ण! — आणि भागू किंचाळत धावली. पाटलांच्या हातचा दोर ओढला! "दोन! दोन!" दुसरा शब्द नाही.

गावचा भगत पुढं झाला. "ऐकलंत? स्वतःच सांगतेय! अंगात दोन जीव आहेत — एक पोरीचा, एक भुताचा! कपाळाला डाग द्या, पळतं की नाही बघा!"

पाटलांनी मान हलवली. गुरवाच्या चुलीत विळा गेला.

"पाटील, पाया पडते, लहान आहे हो ती!" सरजा रडतेय — कोण ऐकतो! दोघांनी भागूला धरलं. विळा तांबडा झाला. भगतानं चिमट्यात धरून आणला... एक पाऊल... दुसरं... आईच्या जिवाचं पाणी पाणी! आणि पोरीच्या तोंडी तेच — "दोन!"

दोन? सरजा दचकली. अहो, हा शब्द तिनं दर बाजारी ऐकलेला! कुंभाराकडं मडकं वाजवून घ्यायचं काम भागूचं. टिचकी मारायची. धड मडक्याला म्हणायची "एक". तडा गेलेल्याला — "दोन". एका मडक्यातून दोन आवाज! आजवर कधी चुकली नव्हती.

"थांबा!" सरजा विळ्यासमोर उभी राहिली. "भूत नाही बोलत! घंटेला तडा आहे!"

सगळे हसले. घंटा ओतणारा म्हातारा लखमा ओतारी मात्र भडकला. "माझ्या कामाला बोल लावतेस? बघूच!" शिडी लावून वर चढला. घंटेला तेल चोळलं, पुसून कोरडी केली, वर चुन्याची भुकटी उडवली. तडा असेल तर आतलं तेल भुकटीत उतरतं.

कडीपाशी केसाएवढी काळी रेघ उमटली.

लखमाचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं घंटा ओततोय... मला नाही ऐकू आलं. चार दिवसांत कुणाच्या तरी डोक्यात पडली असती."

मग काय! विळा टाकून पहिलं लोटांगण कुणाचं? भगताचं! "देवी आहे हो, साक्षात देवी!" हार आले, शंख फुंकला, लोकांची झुंबड उडाली. भागूनं पुन्हा कान झाकले.

सरजानं लेकीला पदराखाली घेतलं. "घटकेपूर्वी भूत, आता देवी! अहो, मधे माणूस म्हणून कधी बघणार माझ्या लेकीकडं?"

मंडळी, आता मला सांगा — घंटा धड निघाली असती तर? डाग बसलाच असता ना! पोर कामाला आली म्हणून वाचली, ही कसली माणुसकी? लाज वाटते मला, आणि तुम्हालाही वाटू दे!

आणि हे बघा, आत्ता इथं त्या दाराशी एक माउली उठतेय. कडेवरचं लेकरू कान झाकून आहे. मघाशी पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "रडकं पोर बाहेर न्या." मी ऐकलं! बाई, बसा. उठायचं नाही. मृदंग थांबवा, बुवा. टाळकरी, टाळ खाली ठेवा. आज नाम ओठांतल्या ओठांत घ्यायचं. देवाला ऐकू येतंच. त्या लेकराला बसता येऊ दे.