खारं आचमन

(सन १८६५. अकोल्यात मोर्णा नदीचा काठ. मुंबईहून परतलेली दमणी पाण्याच्या अलीकडे थांबली आहे. बैल सोडलेले. गाडीत अकोल्याचे हरिहरशास्त्री, हिवरखेडचे शेतकरी खुशालराव आणि त्यांची म्हातारी आई मनकर्णा.)

शास्त्री : इथं का थांबलो, खुशालराव? पलीकडे मावंद्याची पानं मांडली असतील. तीर्थं करून आलो, सगळं शहर जेवायला खोळंबलं असेल.

खुशालराव : खोळंबू द्या. गाडीवान बैलाइले पानी पाजाले गेला. तवरक सांगा महाराज, लोकाइनं इचारलं मुंबईत काय काय पाह्यलं, त काय सांगसान?

शास्त्री : सांगायला काय कमी आहे? मुंबादेवी, महालक्ष्मी, वाळकेश्वरी बाणगंगेचं स्नान. कुलाब्याला कापसाच्या गाठींचे डोंगर. आणि घारापुरीचा तो त्रिमुखी शंकर. आमच्या घराण्यात कुणाला घडलं नाही ते दर्शन तुमच्यामुळं मला घडलं. उपकार आहेत तुमचे, खोटं कशाला बोलू?

खुशालराव : घारापुरीले कसे गेल्तो आपन?

शास्त्री : कसे म्हणजे? मचव्यातून. मचवा तुम्हीच ठरवलात.

खुशालराव : अन् मचवा कशावरून गेला?

शास्त्री : पाण्यावरून. हे काय कोडं घालून राहिलात?

मनकर्णा : कोडे घालाले आमाले कुठं येते, महाराज. थे तुमचं काम.

खुशालराव : त्या पान्याले समुद्र म्हन्तेत. गेल्या साली आपल्या अकोल्याचे भगवंतराव वकील जहाजात बसून कराचीले जाऊन आले, तवा तुमीच सभा भरवली. समुद्र ओलांडला का बामनाचा धर्म बुडाला, हे तुमचे शब्द. त्याइच्या घरचं पानी बंद केलं तुमी. त्याइची बहीन अजून बी माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाई.

शास्त्री : कुठं कराची आणि कुठं घारापुरी. ती खाडी आहे. सकाळी गेलो, दिवस मावळायच्या आत परत आलो. यात्रेला जाताना नद्या ओलांडत नाही का आपण? ही मोर्णा ओलांडतोच की.

खुशालराव : मोर्णेचं आचमन करता तुमी. मचव्यात बी केलं. ओंजळ भरली, तोंडाले लावली, अन् थू करून थुंकली. कारल्याचा रस पेल्यावानी तोंड झालं होतं तुमचं. तवाच समजलं तुमाले, का हे नदीचं पानी नोहे.

शास्त्री : समजलं, पण भर पाण्यात उतरणार कुठं?

खुशालराव : थे बी खरं. उतरले त कोळ्याच्या खांद्यावर बसून. धोतर भिजू नाई म्हून.

शास्त्री : हळू बोला. गाडीवान ऐकेल.

मनकर्णा : आतापासूनच?

शास्त्री : थट्टा पुरे झाली, खुशालराव. वैशाखात माझ्या ताराचं लग्न आहे. अमरावतीचे व्याही किती कर्मठ, ते तुम्ही जाणता. असलं काही त्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडेल.

खुशालराव : मोडनच. म्हून त वैशाखाच्या आधी नेलं तुमाले.

शास्त्री : म्हणजे तुम्ही मुद्दाम नेलंत मला?

खुशालराव : मुद्दाम. गोऱ्याइच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् आमच्या काळ्या मातीचं सोनं झालं. कापसाचे दलाल वावरात येऊन हात जोडतेत आजकाल. मले मुंबईले जायाची काय गरज होती? कापूस त बहाना होता. भगवंतरावाले वाळीत टाकलं त्या दिवशी मी सभेच्या ओट्याखाली उभा होतो. तिथंच मनाशी म्हनलं, आपल्या महाराजाइले बी समुद्र दाखवू.

शास्त्री : तुम्ही म्हणाल ते कोण मानेल? मी नाही म्हणेन.

खुशालराव : म्हना. वाटेतल्या धर्मशाळेत अमरावतीच्या दलालाइले तीन तोंडाचा महादेव हात करू करू कोनं सांगितला? पुरानिकावानी बसले होते तुमी. त्याइले ठाव नाई का घारापुरी समुद्रात हाय. वऱ्हाडात कोनालेच ठाव नाई. मी सांगन, तवा ठाव होईन.

शास्त्री : मग तुम्हीही होतात की मचव्यात. तुमची आईही होती.

खुशालराव : आमी कुनबी. आमच्या समुद्रासाठी कोन सभा भरवते? आमाले समुद्र चालते, महाराज. गाय चालत नाई.

शास्त्री : कसली गाय? मी तुमचं काय वाईट केलं होतं?

मनकर्णा : पाह्य खुशाल. याइले याद बी नाई.

खुशालराव : हिवरखेडचा नत्थुजी आठवते का? माहा बाप.

शास्त्री : नत्थुजी. हो, आठवलं. ते गोहत्येचं प्रकरण.

मनकर्णा : हत्या म्हनू नका. नाग चावला गाईले. खुट्याले बांधली होती, सकाळी पाह्यलं त मेलेली. दाताची निशानी मी सोता दाखवली तुमाले. तुमी लांबूनच पाह्यलं.

शास्त्री : पण गळ्यात दावं होतं, बाई. दाव्यात गाय मेली तर हत्या मालकाच्या माथी. हे मी रचलेलं नाही. प्रायश्चित्तही सगळीकडे तेच. तेच दावं आपल्या गळ्यात घालायचं, गावोगाव भीक मागायची, आणि माणसाची भाषा बंद. गाईसारखं हंबरून मागायचं.

खुशालराव : तवा असं नाई म्हनलं तुमी, का कुठं खाटीक अन् कुठं नाग. तवा शास्त्राले फट नोहती. आता बरी खाडी निंगाली.

शास्त्री : तो फिरला, शुद्ध झाला. प्रकरण मिटलं होतं.

मनकर्णा : मिटलं. पावसाचे दिवस होते. गळ्यात दावं घालून हिवरखेडहून निंगाला, तो फिरत फिरत पातूरले गेला. लोक लांबून भाकर टाकत अन् हासत. तिथून सांगावा आला, तुहा मानूस पडला हाय. मी गेली. पातूरच्या लेन्यात पडला होता, अंग तापानं भट्टीवानी. म्हनलं, पानी देऊ? हंबरला. म्हनलं, कुठं दुखते? हंबरला. म्हनलं, खुशालले काय सांगू? डोळ्याइतून धारा लागल्या, पन हंबरलाच. तुमी बोलाची बंदी केली होती न. मरेपर्यंत पाळली त्यायनं. माहा मानूस दोन सबद बोलून मरता, तो गाईवानी मेला.

शास्त्री : मला हे खरंच ठाऊक नव्हतं. अशा वेळी मी बोलायची मोकळीक दिली असती.

मनकर्णा : पातूरहून अकोल्याले इचाराले येऊ, का त्याचं डोकं मांडीवर घेऊ?

शास्त्री : बाई, काय बोलू मी?

खुशालराव : घारापुरीले तुमी महादेवापुढं डोळे मिटून स्तोत्र म्हनत होते, अन् माय खांबाले धरून रडत होती. लेनं पाह्यलं अन् तिले पातूर दिसलं. तुमी मले म्हनलं, आईचा भक्तिभाव मोठा आहे. तवा तुमाले पान्यात ढकलून द्यावं वाटलं मले. खरं सांगतो.

शास्त्री : मग आता काय हवंय तुम्हाला?

खुशालराव : पलीकडं पंगत बसली हाय. तिथं उभं राहा अन् आपल्या तोंडानं सांगा का मी समुद्र ओलांडला. मंग भगवंतरावाले दिली तेच सजा सोताले द्या.

शास्त्री : यात ताराचा काय दोष?

खुशालराव : माहा काय होता? गोहत्याऱ्याचा पोरगा म्हून माह्या दारात सोयरीक येत नोहती. कापसाले भाव आला, तवा आली.

शास्त्री : ऐका माझं. मी पंगतीत सांगतो. नत्थुजी निर्दोष होता, चूक माझी झाली, असं सगळ्यांसमोर सांगतो. हात जोडून सांगतो. पण हे समुद्राचं राहू द्या.

खुशालराव : माय, काय म्हन्तं? हे म्हनतीन त बाबाच्या नावावरचा डाग जाईन.

मनकर्णा : नको.

खुशालराव : काहून?

मनकर्णा : डाग होता कुठं? मले त गोठ्यातच ठाव होतं. आता हे उभं राहून सांगतीन, अन् लोक म्हनतीन, पाहा, महाराजाइचं मन केवढं मोठं. पंगतीत याइले दोन लाडू जास्त वाढतीन.

खुशालराव : मंग समुद्राचं मीच सांगतो. गाडीवानाले हाक मारतो.

मनकर्णा : थांब. तू बी सांगू नको. आज सांगितलं त आज रडतीन. उद्या काशीचा मोठा शास्त्री आनतीन, गोमूत्र पेतीन, शुद्ध होतीन. सभा याइची, पोथी याइची. भगवंतरावाले जड गेलं, याइले काहून जड जाईन?

शास्त्री : म्हणजे तुम्ही कुणाला सांगणार नाही? देवी आहात, बाई.

मनकर्णा : देवी नाई. आज सांगत नाई, एवढंच.

शास्त्री : मग कधी?

मनकर्णा : थे मले बी ठाव नाई. ताराच्या लग्नाले बलवा मले. येईन, बायकाइत समोर बसन. अंतरपाट धरला का तुमी मंतर सोडून माह्याकडं पाहसान, बुढी आता बोलते का मंग बोलते. मंग तिचं डोहाळजेवन येईन, बारसं येईन. हिवरखेड काही लांब नाई. दर कार्याले येत जाईन.

शास्त्री : असं करू नका. ही फाशीच आहे जन्माची. त्यापेक्षा एकदाच काय ते सांगून टाका. पाया पडतो तुमच्या.

मनकर्णा : पाया पडू नका. पलीकडून लोक पाहून राह्यले, इचारतीन.

शास्त्री : खुशालराव, तुम्ही तरी समजवा यांना.

खुशालराव : मी त सांगाले निंगालो होतो, महाराज. तिनंच अडवलं.

शास्त्री : मनकर्णाबाई, निदान लग्न पार पडेपर्यंत गप्प राहीन, एवढं तरी म्हणा. काही तरी बोला, बाई.

खुशालराव : बसा नीट, बैल जोडले. माय आता बोलत नाई.