भूतबंगल्यातली विहीर

बन्सी : चौथ्यांदा आलात ताई, म्हंजी शौकीन दिसताय. मेळ्यातला ह्यो भूतबंगला माझाच हाय, मोकळं बोला. कसा वाटला?

धनश्री : धूर फार सोडता. भुतापेक्षा खोकल्यानंच जीव घाबरतो.

बन्सी : कालच्या कॉलेजच्या पोरी हेच म्हनल्या. आन सांगाडा?

धनश्री : त्याच्या बरगडीवर किमतीची चिठ्ठी तशीच आहे.

बन्सी : च्यायला. काढतो. भिंतीतला हात?

धनश्री : उशिरा बाहेर येतो. तोवर माणूस पुढं गेलेला असतो.

बन्सी : स्प्रिंग ढिली झालीय. पर विहीर बोला. श्रीगोंद्यापासून घोडेगावपर्यंत पब्लिक त्या विहिरीचंच नाव घेतं. बाई वर येती, टक लावून बघती, परत खाली. मोटर मीच बसवलीय. तुमची लेक तर भीतच न्हाई. काल तिथंच हुभी राहिली, मागं सगळी लाईन तुंबली.

धनश्री : लेक नाही, भाची. ती दारात कणीस खातेय तोवर विचारते. त्या बाहुलीच्या अंगावरची साडी कुठली?

बन्सी : बोहारणीकडची. जुन्या साड्यांचं गाठोडंच घेतलं हुतं. का वो?

धनश्री : पिवळी, पोपटी काठाची. हिच्या, दिशाच्या बारशाला मीच नेसवली होती माझ्या बहिणीला. ती गेल्यावर सासूनं तिचे सगळे कपडे बोहारणीला देऊन पातेलं घेतलं.

बन्सी : अरारा. कशानं गेल्या?

धनश्री : विहिरीत. पाय घसरला म्हणतात. दिशा काठावर होती.

बन्सी : पाच वर्साचं लेकरू ते. ताई, मला काय म्हाईत न्हवतं. आत्ता उतरवतो. विहीरच बंद करतो.

धनश्री : थांबा दादा. रोज तेच सांगायला येते आणि न सांगता जाते. सहा महिने पोर कुणाशी एक शब्द बोलली नाही. रविवारी सहज मेळ्यात आणली, तर तुमच्या विहिरीपाशी बोलली.

बन्सी : काय बोलली?

धनश्री : ‘आई, हात दे.’ रोज तेवढंच. आणि हात पुढं करेपर्यंत बाहुली खाली जाते.

बन्सी : चारच सेकंद ठेवलेत वर. त्यानंच लोक दचकत्यात.

धनश्री : साडी नेली तर ही परत मुकी होईल. ठेवली तर रोज आई बुडताना बघेल. काय करू, कळत नाही.

बन्सी : मी भुतं करनारा मानूस, ताई. मला एवढंच जमंल. दुपारची येळ हाय, पब्लिक न्हाई. सगळे दिवे लावतो. बाई वर आली की मोटर बंद. खाली जाऊ देत न्हाई.

धनश्री : आणि घाबरली तर?

बन्सी : तर तुमी हाय की शेजारी. आना तिला.

(आतून मोटरचा आवाज. मग तो थांबतो.)

दिशा : आई, हात दे.

बन्सी : घे बाळा, धर हात. आता न्हाई जात ती.

धनश्री : दिशा, मी इथंच आहे हं.

दिशा : मावशी.

धनश्री : काय गं? बोल ना.

दिशा : ही कोरडीच आहे.

धनश्री : हो.

दिशा : आई ओली होती.