आठव्या पानावरचे शेट्ये

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. गाऊ, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. वाट चुकलेल्याला घरी कोण पोचवतो? जो चौकात उभा राहून स्वतःचं नाव पुकारतो तो — की जो जवळ जाऊन विचारतो, "बाबा रे, जायचंय कुठं तुला?"

खांबाला टेकलेले काका म्हणतात, दुसरा. अगदी बरोबर! इथं सतरंजीवर बसून सगळ्यांचंच बरोबर येतं हो. चपला घातल्या की चुकायला लागतं. आजचं आख्यान त्या चुकण्याचंच आहे. यात राजा नाही, राक्षस नाही. आपला नायक आहे एक सीए. हसू नका! सीएलाही आत्मा असतो. वर्षभर फायलीखाली दबलेला असतो, एवढंच.

तर ऐका. चिपळूणच्या बाजारपेठेत एका बेकरीच्या माडीवर मोरेश्वर शेट्ये यांचं ऑफिस. सव्वीस वर्षांचं. खालून टोस्ट भाजल्याचा वास वर यायचा आणि दुपारच्या उन्हात तो वास, तो पंखा, त्या पिवळ्या पडलेल्या फायली, सगळं कसं अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. बाहेरच्या टेबलावर प्रमिलाताई आंब्रे. ऑफिस उघडलं त्या दिवसापासून त्याच. दारात चपला काढायच्या आणि आत यायचं, ही तिथली रीत. एके काळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चपला असायच्या. आता? दोनच जोड. एक शेट्यांचा, एक ताईंचा.

कारण काय? लोक आता कुणाला विचारत नाहीत, मंडळी. फोनला विचारतात. फोन म्हणतो अमक्याकडे जा, की निघाले. शेट्यांचीही वेबसाइट होती. पण ती यायची आठव्या पानावर. आता तुम्ही सांगा, फोनवर काही शोधलं तर दुसरं पान तरी कधी उघडलंय का? आठव्या पानावर कोण असतं? शेट्ये असतात, आणि शेट्यांना शोधणारे शेट्ये असतात!

मोरेश्वररावांनी मनाशी ठरवलं होतं, गुढीपाडव्यापर्यंत वाट बघायची. नाहीतर ऑफिस बंद. तसं पत्रसुद्धा लिहून खणात ठेवलं होतं. प्रमिलाताईंना सांगायचा धीर मात्र होत नव्हता. सव्वीस वर्षं ज्या बाईनं आपल्याआधी येऊन दिवा लावला, तिला काय तोंडानं सांगायचं, की ताई, उद्यापासून येऊ नका?

तेवढ्यात कोल्हापूरचे एक जाणकार भेटले. वेबसाइटवाले. म्हणाले, "साहेब, शोधयंत्र शब्द बघतं. 'चिपळूणमधील सर्वोत्तम सीए' हे पानावर शंभर वेळा घाला."

शेट्ये म्हणाले, "अहो, आमच्या धंद्यात स्वतःला सर्वोत्तम म्हणायला मनाई आहे. आम्ही हाका मारायच्या नसतात. ज्याला हवं तो शोधत येईल, तेव्हा माहिती द्यायची. नियमच आहे तसा."

"मग पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात घालू. माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल."

बघा हं, पाप कसं येतं! शिंगं लावून येत नाही. लॅपटॉप घेऊन येतं, चहा घेतं आणि 'कुणाला दिसणार नाही' म्हणतं. शेट्यांनी मान डोलावली. पांढऱ्यावर पांढरं, शंभर वेळा, सर्वोत्तम, सर्वोत्तम. आपणही जप करतोच की! हातात माळ आणि डोळे प्रसादाच्या ताटावर. तसलाच हा जप.

आणि मंडळी, चढलं की हो नाव! पंधरा दिवस शेट्ये पहिल्या पानावर. लोक वेबसाइटचं दार उघडायचे, आत बघायचे. तिथं काय? कोट घातलेला फोटो आणि जडजड इंग्रजी. लोक परत फिरायचे. जिन्यावर चपला दोनच. सोळाव्या दिवशी यंत्राला लबाडी कळली आणि त्यानं नाव काढूनच टाकलं. आठवं पान नाही, अठरावं नाही. शोधा म्हटलं तरी शेट्ये नाहीत! स्वतःचं नाव स्वतःलाच सापडेना तेव्हा मोरेश्वरराव मनातून फार घाबरले. शरमलेही. त्या दुपारी डबा तसाच ठेवला, चष्मा काढला आणि खुर्चीतच डोळा लागला.

पेटीवाले, जरा हळू सूर धरा. आता आपण त्यांच्या स्वप्नात जातोय.

धुकं होतं. वाशिष्ठीच्या काठावर थंडीत सकाळी पडतं तसं, पायापासून वर चढणारं. त्या धुक्यात एक जत्रा भरलेली. पण आवाज नाही. पाळणे फिरतायत, आवाज नाही. हजारो माणसं चालतायत आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. ज्याला त्याला काहीतरी विचारायचंय. या दुकानासमोर थांबतात, चिठ्ठी दाखवतात, मान हलवून पुढं जातात. शेट्यांचंही दुकान आहे तिथं. चारी बाजूंनी पाट्या. पण पाट्या पांढऱ्या, त्यावरची अक्षरं पांढरी, आणि भोवती धुकं पांढरं. माणसं त्यांच्या दुकानातून आरपार चालत जातायत. त्यांना दुकान दिसतच नाही.

तेवढ्यात एक बाई थांबली. हातात पाकीट. म्हणाली, "इथं विचारलं तर चालेल का हो?"

शेट्यांना केवढा आनंद! 'विचारा ना बाई, बसा', असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "चिपळूणमधील सर्वोत्तम सीए." पुन्हा प्रयत्न केला. "चिपळूणमधील सर्वोत्तम सीए." दुसरा शब्द काढायला बघतात, पण आत दुसरा शब्दच उरलेला नाही! बाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पाकीट छातीशी धरलं आणि ती धुक्यात निघाली. शेट्ये मागून धावू पाहतायत, पाय हलत नाहीत, आणि ती लांबून म्हणतेय, "ते गेले हो. मग याचं उत्तर आता मी द्यायचं का?"

ते जागे झाले. टोस्टचा वास येत होता. पंखा फिरत होता. आणि बाहेरच्या खोलीतून तोच आवाज आला, "ते गेले हो. मग याचं उत्तर आता मी द्यायचं का?"

चमत्कार नव्हे, मंडळी. डोळे झोपले होते, कान जागे होते. एक बाई खरंच जिना चढून आली होती. नवरा वारलेला, आणि त्याच्या नावानं आयकराची नोटीस आलेली. प्रमिलाताई निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवत होत्या. सव्वीस वर्षांची सवय. आलेल्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, मग त्याला आत सोडायचं.

शेट्ये बाहेर आले. बाईला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "उत्तर द्यायचं. पण आधी तुमचं नाव वारस म्हणून नोंदवायचं. आणि घाबरू नका, त्यांच्या मागं जे राहिलंय तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी. तुमच्या पदरचं कुणी मागत नाही." ती बाई रडली. नोटीस आल्याला तीन आठवडे झाले होते, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, ही वही तुम्ही ठेवता तरी कशासाठी?"

"रागावणार नाही ना? तुम्ही आत गेलेल्या माणसाशी तुमच्या भाषेत बोलता. तो बिचारा काय विचारायला आला होता तेच विसरतो. मग बाहेर येऊन मला विचारतो. मी वाचून दाखवते."

अशा एकोणीस वह्या निघाल्या कपाटात! शेट्ये संध्याकाळपर्यंत वाचत बसले. 'गाळा भावाच्या नावावर, धंदा माझा, कर कुणी भरायचा?' 'मुलगी परदेशातून पैसे पाठवते, ते लपवायचे का दाखवायचे?' सव्वीस वर्षं माणसं चिठ्ठ्या हातात घेऊन त्यांच्या दारातून गेली होती आणि त्यांनी एकही वाचली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि प्रमिलाताईंबद्दल मन भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पांढरी अक्षरं पुसली. यंत्राच्या मालकांना कळवलं, चूक झाली, काढून टाकलं. कोटातला फोटो उतरवला. आणि रोज एक पान लिहायला घेतलं. वर मथळा वहीतला, जसाच्या तसा. खाली उत्तर, साध्या मराठीत. प्रमिलाताईंनी वाचून मान डोलावली तरच पान वेबसाइटवर जायचं. एक पान त्यांनी चार वेळा परत पाठवलं! म्हणाल्या, "साहेब, हे तुम्हालाच कळेल."

लगेच काही झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. खणातलं पत्र खणातच. मग शिमग्याच्या सुमारास एक फोन आला, उदगीरहून. अनोळखी बाई. म्हणाली, "काम द्यायला नाही हो केला फोन. नवरा गेल्यावर नोटीस आली होती. फोनवर विचारलं, तर तुमचंच पान सगळ्यांत वर आलं. लिहिलंय तसं केलं, मिटलं. फक्त विचारायचं होतं, हे लिहिलं कुणी? वाचताना वाटलं, मीच बोलतेय."

मोरेश्वररावांनी रिसीव्हर प्रमिलाताईंच्या हातात दिला.

पाडव्याला ऑफिसच्या खिडकीत गुढी उभी राहिली. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चपला होत्या. शेट्यांनी खण उघडून ते पत्र फाडलं. ताई म्हणाल्या, "मी वाचलं होतं ते, गेल्या वर्षीच."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? रोज यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. आले."

मंडळी, एक ओळ सुचली आहे. माझीच आहे, तोडकीमोडकी, कुणा संताच्या माथी मारू नका. *शोधणाऱ्याचा शब्द जाण, तेच तुझे पहिले पान.*

आता हसत घरी जाल. 'शेट्ये चांगला फसला होता' म्हणाल. पण तुमच्या घरातही कुणीतरी चिठ्ठी घेऊन फिरतंय. आई दिवसातून तीनदा विचारते, "जेवलास का?" तिला जेवणाची चौकशी करायची नसते हो. 'माझ्याजवळ दोन मिनिटं बसतोस का', असं लिहिलंय तिच्या चिठ्ठीत. आणि आपण फोनमधून मान वर न करता म्हणतो, "हो." कितव्या पानावर ठेवलंय तिला? मी विचारत नाही. घरी गेल्यावर तिलाच विचारा.

उचला टाळ.