पास्कूबाबांची कोंबडी

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण श्रावण लागायचा आदला दिवस होता एवढं नक्की. शेवटची कोंबडी खायची म्हणूनच तर मी आणि कॉलेजातला मित्र दामू पाठीवर पिशव्या टाकून भाईंदरहून उत्तनला चालत निघालो होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट.

पावसानं असं झोडपलं की दिसेल त्या ओटीवर चढलो. घर पास्कूबाबांचं, ख्रिस्ती शेतकऱ्याचं. दामूनं विचारताच त्यांनी कोंबडी कापली. तांदळाच्या भाकऱ्या आणि लालभडक रस्सा समोर आला, पण घरातलं कोणीच जेवायला बसेना.

“तुम्ही नाही घेत?” मी विचारलं.

“तुमी खावा. आमाला आज न्हाय चालत,” पास्कूबाबा म्हणाले.

दामू कुजबुजला, “आज म्हणजे? काल चाललं असतं?”

आमच्या पिशव्याही घरच्या बाईंनी सुकवायला म्हणून आत नेल्या होत्या. माझा घास हातातच राहिला. दामूनं एक तुकडा हळूच ओटीवरच्या कुत्र्याला टाकला. तो खाऊन कुत्रा आडवा झाला.

“झोपला की गेला?” मी दामूला विचारलं.

बाईंनी ऐकलं. “पावसात त्यो सदाच झोपतो. जेवा, रस्सा निवला.”

शेवटी भुकेनं जेवलो, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

पुढे नोकरीत उत्तनचाच एक ख्रिस्ती सहकारी भेटला. हा किस्सा ऐकून म्हणाला, “शुक्रवारी आम्ही मांसाला शिवत नाही.” मला पटेना. त्या वर्षीचं पंचांग शोधून काढलं. श्रावणाआधीची अवस शुक्रवारीच होती.