तिसऱ्या खांबाखालचा नमुना

जमातीचे पोलीस ठाणे. दि. १९ एप्रिल.

माझे नाव व्हर्ना अँत्वान, वय ४७, नोकरी जमातीच्या पाणी कार्यालयात, नमुने घेण्याची. राहणार मिशन रस्ता, लिटल हेरॉन नदीकाठ. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मयत माझा थोरला भाऊ. तोही याच कार्यालयात होता. आमच्यात वर्ष होईपर्यंत गेलेल्याचे नाव उच्चारत नाहीत. म्हणून सार्जंट मोझेस यांच्याकडून पेन घेऊन ते मी येथे एकदा लिहिले आहे: एमिल अँत्वान, वय ५४.

नदीवरच्या पुलाच्या वरच्या अंगाला राज्याची हद्द, खालच्या अंगाला आमच्या आदिवासी जमातीची. पाण्यातल्या पाऱ्याची राज्याची मर्यादा महिन्यातून एखादा मासा खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेली आहे, आमची रोज खाणाऱ्यासाठी. त्यामुळे वर पास झालेले पाणी पुलाखाली नापास होते. कायद्याने वरच्यांना हद्दीवर आमची मर्यादा पाळावी लागते. वरच्या खाणीच्या सांडपाण्याचा परवाना मे महिन्यात नव्याने द्यायचा आहे. त्याला हरकत घेण्यासाठी बर्फ वितळतानाच्या पाण्याचा, नियमाप्रमाणे घेतलेला एक निर्दोष नमुना हवा होता.

३ एप्रिल रोजी आम्ही दोघे तिसऱ्या खांबाखाली गेलो. खाणीचा माणूस काठावर उभा होता. नदीतून काही घेण्याआधी दादा तिला चिमूटभर तंबाखू वाहतो. बावीस वर्षे वाहत आला. फॉर्मवर ‘काही विशेष’ असा रकाना असतो. त्यात मी ते कधी लिहिले नव्हते, कारण आमच्याकडे ते विशेष नाही. त्या दिवशी लिहिले. कागदात कोणी खोट काढू नये एवढाच हेतू होता.

दादा म्हणाला, “हेही लिहितेस? मग मी शिंकलो तेही लिही की.”

मी म्हटलं, “शिंकलास तर लिहीन.”

“तुझा कागद नदीपेक्षा जास्त पाणी पितो, बाई.”

८ तारखेला खाणीच्या वकिलाने ती नोंद दाखवून कळवले की तंबाखूतही धातू असतात. नमुना रद्द झाला, नवा घ्यावा लागणार होता.

१४ तारखेला मला परवान्याच्या सुनावणीसाठी शहरात जायचे होते. पाणी वाढले होते. नियमाप्रमाणे नमुन्याला दोघांनी जायचे असते. सकाळी फोनवर मी दादाला म्हटले, “मी आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.” तो म्हणाला, “बरं, कलेक्टरीणबाई.” संध्याकाळी पाचला त्याची गाडी पुलाजवळ मिळाली. खांबापाशी खडकावर तंबाखूची पिशवी उघडी होती.

१७ तारखेला दुपारी दोन वाजता मैलभर खाली, आमच्याच हद्दीत, तो सापडला. मी ओळखले. अंगातल्या जाकिटाच्या आतल्या खिशात, बटण लावून, नमुन्याची बाटली होती. सील शाबूत होते.

ती बाटली आज मला दाखवण्यात आली. सील आमच्या कार्यालयाचे आहे. चिठ्ठीवरचे अक्षर माझ्या भावाचे आहे, याबद्दल मला शंका नाही. चिठ्ठीवर मजकूर असा: “१४ एप्रिल, ११.४०. तिसरा खांब, खालची बाजू. काही विशेष: तंबाखू नंतर.”

या मजकुराबद्दल मला आणखी काही विचारण्यात आले. मला सांगायचे नाही.

बाटलीत नमुना टिकवणारे आम्ल आधीपासून असते, त्यामुळे नमुना अठ्ठावीस दिवस, म्हणजे १२ मेपर्यंत, तपासता येतो. नमुना कोणी घेतला, कुठे घेतला आणि तो कोणाकोणाच्या ताब्यात होता हे सिद्ध झाले नाही तर हाही रद्द होईल. त्यासाठी मी हा जबाब देत आहे. बाटली प्रयोगशाळेत मी स्वतः नेणार आहे. ताबापत्रावर ‘घेणार’ या जागी दादाचे नाव आहे, ‘पुढे नेणार’ या जागी मी सही केली.

वरील मजकूर सार्जंट मोझेस यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नाव आले तेथे ते थांबले, त्यावर बोट ठेवले, मी मान हलवल्यावर पुढे वाचू लागले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: व्हर्ना अँत्वान