वरचा आवाज

दुरुस्ती नाही हो सुतारकाका, काढायचंय — अख्खं दार. चौकट राहू दे तिथेच, दार तेवढं उतरवा आणि गॅलरीत नेऊन टेकवा. असं काय बघताय? यांनी फोनवर सांगितलं नाही का तुम्हाला? स्वतः ऑफिसात जाऊन बसले आणि तिथून फर्मान सोडलं, ‘तिच्या खोलीचं दारच काढून टाक, मग बघू काय आपटते ते!’ मीही म्हटलं, बरं. खोटं कशाला सांगू, मलाही पटलं. बघा ना काय दशा केलीय — वरची बिजागरी चौकटीतून उपटून लोंबतेय, लाकडाचा हा एवढा कपचा उडाला, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं ते वेगळंच. वादळ आलं होतं का? पंधरा वर्षांची पोरगी, मनगट बघाल तर काडी — आणि ताकद बघा! आत आहे ती. आतच बसलीय. ऐकतेय सगळं. ऐकू दे. मी तुमच्याशी बोलतेय, तिच्याशी नाही.

कशावरून झालं म्हणता? सायकलवरून! तिची लहानपणची सायकल मी खालच्या मजल्यावरच्या छोटीला देऊन टाकली. एवढंच. गुडघे हनुवटीला लागत होते तिचे त्या सायकलवर, चाकात हवा नाही, वर्षभर जिन्याखाली धूळ खात पडलेली — तिला विचारायचं काय त्यात? पण नाही. शाळेतून आली, छोटीला सायकलवर बघितलं आणि तशीच दप्तरासकट स्वयंपाकघरात. ‘मला न विचारता दिलीस कशी? माझी होती ती!’ मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी काय केलं? ओरडले? हात उगारला? मुळीच नाही. मी म्हटलं, ‘बरं.’ आणि पुढची घडी घेतली. तर ती अशी थरथरायला लागली हो — ‘आई, ओरड माझ्यावर, दोन थोबाडीत मार, पण बरं म्हणू नकोस! तुझं ते बरं ऐकलं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.’ आता यात मी काय वाईट बोलले? शिवी आहे का ती? मी परत म्हटलं, बरं. — आणि मग हे दार.

हसू नका हो. तुम्हालाही मुलं असतील. हे चिडले की बरं असतं, दोन वाक्यं गरजतात आणि चपला अडकवून बाहेर, कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आले की जेवायला हजर. ती तशी उठून जाणार कुठे, म्हणून खोलीत जाते. उरले मी. माझी बहीण म्हणते, तू गिळतेस ते ती पोर ओकते. मी तिलाही म्हटलं, बरं. तिनेही फोन आपटला. सगळे आपटतात माझ्यावर! मी मात्र कधी काही आपटलेलं नाही या घरात. विचारा कोणालाही. दातांचे डॉक्टर तर म्हणाले, बाई, झोपेत दात खाता तुम्ही, दाढा पार सपाट झाल्यात. म्हटलं, झोपेत तरी खाऊ द्या. त्यांना वाटलं, गंमत करतेय.

पण परवा — स्क्रू सावकाश काढा, गंजलेत — परवा दुपारी ही सोफ्यावर झोपली होती. मी पांघरूण घालायला गेले, तर तिच्या तोंडातून आवाज. करकर, करकर. आधी वाटलं, खिडकीत काही कुरतडतंय. वाकून बघितलं, तर दात. एवढ्याशा पोरीचे. मी तिथेच उभी राहिले, हातात पांघरूण. आणि आज सकाळची गोष्ट ऐका, ती तर खरी चीड आणणारी! मी तिला सांगितलं, बाबांनी सुतारांना बोलावलंय, दार काढणार आहेत. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. मी तयारीतच होते. तर वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘बरं.’ तेवढंच. माझंच बरं, माझ्याच सुरात, मानसुद्धा तशीच खाली! माझ्या अंगाची आग आग झाली. अगं, मी तुझी आई आहे, मला बरं म्हणतेस? दार आपटायची तेव्हा निदान कळत तरी होतं की आत कोणीतरी आहे!

मी काय जन्मापासून अशी होते? माहेरी मला भोंगा म्हणायचे, भोंगा! मी गच्चीवरून हाक मारली की रस्त्यावरची बस थांबायची. भांडायला उभी राहिले तर गल्लीच्या खिडक्या उघडायच्या. आणि भांडण संपलं की संपलं, सगळ्यांत आधी मीच हसायची. मग ही दोन वर्षांची असताना तापाने फणफणली. डोळे उघडेना, पाणी गिळेना. डॉक्टर नीट बोलेनात. दवाखान्याच्या बाकड्यावर मी देवापुढे हात जोडले. लोक गोड सोडतात, मीठ सोडतात. माझ्याजवळ सोडण्यासारखं दुसरं होतं काय? म्हटलं, हिला बरं वाटू दे, मी माझा आवाज सोडला. या घरात पुन्हा वरचा आवाज काढणार नाही. सकाळी हिने डोळे उघडले. पाळायचं नाही मी ते? कोणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. नवस बोलून दाखवला की फिका पडतो, असं मला आपलं वाटतं. आणि हीच कार्टी मला म्हणते, तू दगड आहेस! दगड? अगं, तुझ्यासाठी गिळलंय सगळं! तुझ्या एका श्वासासाठी! आणि तू माझ्याच घराची दारं मोडतेस, आणि वर मला बरं म्हणतेस —

काय? हळू बोलू? मी हळूच बोलतेय! समोरच्या बाई कशाला बाहेर आल्यात? माझ्यामुळे?

अगं बाई.

हा माझा आवाज होता?

काका, मी ओरडले? घरात? केव्हापासून? तुम्ही आधी का नाही बोललात हो? गेला. नेम गेला माझा. एवढी वर्षं — आणि आता हिला काही... नाही, नाही, देवा, तिचा काही दोष नाही, चूक माझी —

थांबा. ती बोलली ना आतून? तुम्ही ऐकलंत ना? परत सांगा. काय म्हणाली? ‘मला काही झालेलं नाहीये. ओरड.’ असंच म्हणाली ना? रडतेय का ती? की हसतेय?

ठेवा तो स्क्रू जागेवर. दार नाही काढायचं. बिजागरीचं उद्या बघू, आज लोंबू दे तशीच. यांना काय सांगायचं ते मी सांगेन, चांगल्या वरच्या पट्टीत सांगेन. — आले गं! हलू नकोस तिथून! समजतेस कोण तू स्वतःला, हां? — काका, अजून उभेच? उचला ती पेटी, निघा. आम्हाला भांडायचंय.